पाण्याला उठशील का

१ एप्रिल, मंगळवार

आज अव्वांना घर सोडायची नोटीस दिली. एक तारखेला दिली की तीस तारखेला महिना पुरा होतो, करारात तसंच आहे. सतीशचं म्हणणं, चौदा वर्षं एका छपराखाली काढली, तोंडी सांग की, कागद कशाला. मी म्हटलं, मी ऑफिसात आस्थापनेला आहे. आमच्याकडे साधा शिपाई बदलून गेला तरी कपाटाच्या किल्लीपासून घंटेपर्यंत सगळ्याचा चार्ज देऊन जातो. आणि मी काय दाराला कुलूप लटकवून निघू? यावर नवऱ्यानं आपली हत्यारांची पिशवी उचलली. लाइटची कामं करणारा माणूस, कागद म्हटलं की त्याला घाम फुटतो.

अव्वा म्हणजे चंद्रव्वा, आमच्या घरमालकीणबाई. खाली त्या, वर आम्ही. नोटीस त्यांनी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मग म्हणाल्या, काय लिवलीस ते तोंडानं सांग. त्यांना कानडी वाचता येतं, मराठी नाही. सांगितलं, जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट तयार झालाय, महिनाअखेरीला जागा सोडतो. "बरं झालं की," म्हणाल्या, आणि कागदाची घडी करून बसवण्णांच्या फोटोमागे ठेवून दिला. दुसरं काही नाही. चहासुद्धा विचारला नाही. जरा लागलंच मनाला.

पण मी रागवायची नाही असं ठरवलंय. म्हणून तर ही डायरी काढली, राग आला तर इथं ओकावा, तिथं नको. ऋतुजा तीन वर्षांची होती तेव्हा आम्ही या शुक्रवार पेठेत खोली शोधत फिरत होतो. दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. किती दारं झाली ते आता आठवतही नाही. शेवटी अव्वा दिसल्या, उंबऱ्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नवरा काय करतो तेही विचारलं नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "पाण्याला उठशील का?" मी म्हटलं, उठेन. "मग आण सामान."

त्या बाईचे उपकार मी मरेपर्यंत विसरायची नाही. मला जाताना एवढंच हवंय, की पेठेत कुणी म्हणू नये बघा कसं घर करून ठेवलं. आणि अव्वांनी आपल्या तोंडानं म्हणावं, कीर्ती, घर चांगलं दिलंस. मग मी सुटले.


२ एप्रिल, बुधवार

पाण्याचा दिवस. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी, तेही कधी पहाटे, कधी दुपारी, त्याच्या मर्जीनं. आज सहाला आलं. नळ आधी खोकतो, मग हवा सोडतो, तो आवाज मला झोपेतही कळतो. अंगणात नळाचा खड्डा आहे, पाण्याला जोर नाही म्हणून नळ खाली घेतलेला. तीन पायऱ्या उतरायचं, बूच काढायचं, पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं, मग नळी हौदात टाकायची आणि प्यायच्या घागरी भरायच्या. नळी कायमची हौदात ठेवली तर तो गढूळ घोळ सगळ्या हौदात जातो. मग अव्वांच्या खिडकीशी जाऊन ओरडायचं, "अव्वा, नीर बंतु." पाणी आलं म्हणायचं. मला येणारं कानडीतलं हे एकच वाक्य. आतून आवाज येतो, "बंदे," म्हणजे आले. अव्वांची उमर मागावर कांड्या भरण्यात गेली, त्या खडखडाटात कान गेले. खिडकीशी ओरडल्याशिवाय काही कळत नाही.

घागरी आत ठेवल्या तर अव्वांनी रुमालात बांधलेलं डिपॉझिट माझ्या हातात दिलं. सगळं. मी थक्क. म्हटलं, अहो, आधी घर तपासायचं असतं, मग पैसे. "ते बघू की," म्हणाल्या. अशी घरमालकीण मिळायला भाग्य लागतं.


६ एप्रिल, रविवार

भाग्याचं मागे घेते. आज अव्वा कठड्याला धरून धरून वर आल्या. दोन वर्षांत जिना चढल्या नव्हत्या. प्रत्येक खोलीत उभ्या राहिल्या. भिंतीवरून हात फिरवला. मग एकेक काढायला सुरुवात केली. वरची कडी कुरकुरते. मोरीची फरशी हलते. स्वयंपाकघरातला कोपरा काळा पडलाय. ऋतुजाच्या खिडकीची एक काच बदललेली आहे, ती पहिल्यासारखी नाही. काच सहा वर्षांपूर्वी त्यांच्याच मुलानं, बसूनं, चेंडू मारून फोडली होती, दिवाळीला आला होता तेव्हा, चाळिशीचा घोडा. ते मी बोलले नाही.

"हे सगळं होईस्तोवर महिना पुरायचा नाही बघ," म्हणाल्या. "घाई कशाला करतीस."

सगळं होतं. मी आस्थापनेतली आहे. सतीशला आजच यादी दिली.


१२ एप्रिल, शनिवार

फरशी बसवली, कोपरा रंगवला, कडीला तेल दिलं. अव्वा पुन्हा वर. आता म्हणे रंगाची छटा वेगळी दिसते. सतीश हसला. त्याला सगळ्यातच हसू येतं. म्हणतो, तुला खरंच कळत नाही का गं? मी म्हटलं, कळतंय, पैसे आधी देऊन बसल्या आणि आता पस्तावल्या. तो कपाळाला हात लावून खाली गेला.

दुपारी बसूचा पुण्याहून फोन. मला वहिनी म्हणतो. म्हणाला, वर कोणी नसेल तर आईला एकटीला ठेवायची नाही, इकडेच आणतो, घराला कुलूप घालतो, पुढं विकायचं बघू. तुम्ही तिला जरा समजवा, तुमचं ऐकते. किती चांगला मुलगा. हल्ली कुणाला आई घरात हवी असते? मी लगेच खाली जाऊन सांगितलं, अव्वा, पुण्यात तुम्हाला लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, नातवंडं आहेत, मजा आहे तुमची. अव्वा शेंगा निवडत होत्या. मान वर केली नाही. म्हणाल्या, तिथं खिडकीतून काय दिसतंय? दुसऱ्याची खिडकी. कानाबरोबर आता स्वभावही हट्टी होत चाललाय त्यांचा.


१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी वंदना झाली, पांढरी साडी नेसून खाली खीर घेऊन गेले. चौदा वर्षं पहिली वाटी अव्वांची. पहिल्या वर्षी शेजारच्या एका बाईनं विचारलं होतं, खाणार काय तुम्ही? अव्वांनी तिच्यासमोर वाटी बोटानं पुसून खाल्ली होती. आजही तशीच पुसून खाल्ली. मग म्हणाल्या, पुढल्या वर्षी कुठली खीर. मी म्हटलं, पुण्याला पार्सल करते की. हसल्या नाहीत.

रात्री मिरवणुकीचा आवाज पेठेपर्यंत येत होता. अव्वांना तेवढा ऐकू येतो, छातीत वाजतो म्हणतात.


१७ एप्रिल, गुरुवार

पाणी सातला. अव्वांनी ऋतुजाला बोलावून मोबाइलची घंटी सगळ्यात मोठी करून घेतली, आणि त्यात पहाटेचा गजर लावता येतो का विचारलं. ऋतुजा म्हणाली, अव्वा, पाच दिवसांनी वेळ बदलते, गजर कितीचा लावू? त्या म्हणाल्या, राहू दे मग. मला वाटतं आम्ही गेल्यावर तक्रारींचे फोन करायची तयारी चाललीय. कडी कुरकुरते, ये. रंग उडाला, ये.

गॅसच्या पुस्तकावर नवा पत्ता झाला. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिलेली होती, तिथं जागा सोडत असल्याचं कळवून पोच घेतली. तिथला माणूस म्हणाला, बाई, हे सांगायला पहिल्यांदाच कोणी आलं. मला बरं वाटलं.


२० एप्रिल, रविवार

आज हद्द झाली. सकाळी गॅलरीतून बघते तर अव्वा काठी घेऊन नळाच्या खड्ड्याच्या कडेला. काठी पहिल्या पायरीवर टेकवतात, पाय पुढं घेतात, मागं घेतात. पुन्हा काठी. गुडघे धड वाकत नाहीत आणि खड्ड्याची तपासणी चाललीय. म्हणजे आता पायऱ्याही आम्हीच झिजवल्या. मी वरून म्हटलं, अव्वा, खड्डा आम्ही खाल्ला नाही हो. त्यांना ऐकू आलं नाही, हे बरं झालं. खाली जाऊन हात धरून घरात आणलं. हात थरथरत होता. उन्हाचं बाहेर उभं राहिलं की असं होतं.

लिहून झाल्यावर वाचलं. मी किती वाईट बोलले. उद्या त्यांना लिंबू सरबत नेऊन देते.


२२ एप्रिल, मंगळवार

पाण्याला खाली गेले तर नळाखाली स्टीलची परात पालथी ठेवलेली. पाणी पडलं आणि असा काही ताशा वाजला की शेजारचं कुत्रं उठलं. मी विचारलं, ही परात कोणी ठेवली? अव्वा म्हणाल्या, मी. कशाला? "बघत होते." काय बघत होत्या देव जाणे. नळ ठिबकतो का ते असणार. खिडकीत उभ्या होत्या, परातीकडे बघत. मी ओरडले, नीर बंतु. तेव्हा कुठं दचकल्या. बंदे, म्हणाल्या, पण आज आवाजात जीव नव्हता.


२६ एप्रिल, शनिवार

उद्या हलणार. टेम्पो नऊला येईल. उद्याच पाण्याचा दिवस आहे, म्हणून आज एक मोठं काम उरकलं. हौद. चौदा वर्षं वापरला, तळाशी गाळ असणारच. कपाट कुणाच्या ताब्यात देताना झाडून पुसून द्यायचं असतं, हौद का नाही? होतं ते पाणी सगळं अंगणाला आणि शेजाऱ्यांच्या झाडांना घातलं. सतीश आत उतरला, दोघांनी घासला. हौदाचा तळ पहिल्यांदा बघितला. अव्वांच्या तांब्याच्या घागरी चिंचेनं घासून पालथ्या घातल्या. प्यायला एक कळशी तेवढी ठेवली.

अव्वा दोनतीनदा म्हणाल्या, हौद राहू दे की, हौदाला काय झालंय. मी म्हटलं, उद्या स्वच्छ पाणी भरून देते, बघत राहाल. माणसाच्या ताब्यात वस्तू द्यावी तर अशी. आज मला फार समाधान आहे. आता कुठलीही खोट काढायला जागा नाही.


२७ एप्रिल, रविवार. नवं घर.

सकाळी पाणी आलं नाही. कुठंतरी मोठा पाइप फुटलाय, संध्याकाळपर्यंत येईल असं गल्लीत बोलत होते. टेम्पो मात्र वेळेत आला. टेम्पोवाला बिरप्पा म्हणून आहे, सांगोल्याकडचा, घरी अजून मेंढरं आहेत म्हणे. कपाट एकट्यानं पाठीवर घेतलं. उतरवताना बोलत होता, बायको पूनम दवाखान्यात नर्स आहे, रातपाळी असते, तर बाईमाणूस रातीची भाईर असती म्हणून कोण खोली देत न्हाय. मी म्हटलं, मिळेल, आम्हाला पण अशीच मिळाली.

सामान गेल्यावर मी खोल्या झाडायला केरसुणी घेतली. अव्वांनी ती हातातून काढून घेतली. म्हणाल्या, जाणाऱ्यानं मागं झाडू मारायचा नसतोय. म्हणजे केर राहिला तो राहिलाच. मला ते फार खटकलं, पण वाद घातला नाही. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा दिला. ऋतुजा त्यांच्या गळ्यात पडून रडली, मला रडू आलं नाही, कारण मी डोक्यात मोजत होते, किल्ल्या, बिल, मीटरचा फोटो. तीस तारखेला कागदावर सही झाली की मग रडेन.

इथं नळ सोडला की पाणी येतं. सतीश उगाचच तीनदा हात धुऊन आला. मी हसले आणि मग दाराला टेकून उभी राहिले. आपलं घर. आमच्या सात पिढ्यांत कुणाला असं मिळालं नसेल. ज्यांच्यामुळं शिकलो, ज्यांच्यामुळं उभे राहिलो, त्या सगळ्यांना मनात हात जोडले. त्यात अव्वाही.


३० एप्रिल, बुधवार

उशीर झालाय, पण आजच लिहिते.

ऑफिस सुटल्यावर किल्ल्या घेऊन पेठेत गेले. कागद टाइप करून नेला होता, जागा सुस्थितीत ताब्यात मिळाली, तक्रार नाही. वीजबिल भरल्याची पावती जोडलेली. अव्वा अंगणात पायरीवर बसल्या होत्या. पुढ्यात दोन ताटल्या आणि एक तवा. शेजारी पाण्याचा विकतचा जार, प्यायचा. त्यातून फुलपात्रात थोडं घ्यायच्या, ताटलीवर हळूच ओतायच्या आणि खालचं पाणी दुसऱ्या भांड्यात धरायच्या. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, बस, चहा करते.

घागरी पालथ्याच होत्या. मी ठेवल्या तशाच. चिंचेनं घासलेल्या, लखलखीत. हौदाचं झाकण उघडलं. कोरडा. मी आणि सतीशनं घासला तसा स्वच्छ, कोरडा ठणठणीत.

पाणी काल आलं होतं. शेजारच्या बाईला विचारलं तर म्हणाली, पहाटे आलं, तासभर होतं, आम्हाला वाटलं अव्वांनी भरलं. ज्याला त्याला आपापल्या खड्ड्याची घाई. नळाखाली परात होती. वाजली असणार, ताशासारखी. ऐकणार कोण?

मग मला सगळं एकदम कळलं. काठी. परात. गजर. हात थरथरला तो उन्हानं नव्हे. कडी कुरकुरते, काच वेगळी, रंगाची छटा, महिना पुरायचा नाही, घाई कशाला करतीस. सतीशला कळलं होतं, ऋतुजालाही कळलं असेल. मी चौदा वर्षं ऑफिसात लोकांचे चार्ज तपासते आणि माझ्याच घराचा चार्ज देताना यादीत कडी धरली, काच धरली, बाई धरली नाही. आणि वर तिचं उरलेलं पाणी शेजाऱ्यांच्या झाडांना घातलं.

मी विचारलं, बसूला सांगितलंत का? तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला. "त्याला सांगू नको कीर्ती. पाण्याचं निमित्त मिळालं की कुलूप घालून नेतोय मला. मी हितंच मरणार."

मग डोळे पुसून म्हणाल्या, आण तो कागद, कुठं सही करू? चष्मा लावला. पेन घेतलं. आणि ते वाक्य म्हणाल्या. "घर चांगलं दिलंस."

महिनाभर मी त्या वाक्यासाठी झुरत होते. ऐकलं आणि तोंडात माती गेल्यासारखं झालं. मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, अव्वा, चार्ज पुरा झालेला नाही. मी ही सही घेणार नाही.

शेजारणीकडून चार घागरी मागून आणल्या. सतीशला फोन केला, तो स्कूटरला कॅन बांधून नव्या घरचं पाणी घेऊन आला. दोन खेपा झाल्या. मी अव्वांना अंघोळीला गरम पाणी काढून दिलं. त्या म्हणाल्या, एवढं कशाला, अर्धी बादली बास, साकु. मी भरलेली बादली ठेवून बाहेर येऊन खूप रडले.


२ मे, शुक्रवार

पहाटे सतीशबरोबर स्कूटरवरून पेठेत. पाणी सहाला. खड्ड्यात उतरले, गढूळ सोडलं, नळी लावली, खिडकीशी ओरडले. बंदे. हौद काठोकाठ.

अव्वा रागावल्या. तुझा महिना भरला, कशाला आलीस? मी म्हटलं, कराराचा महिना भरला. पण तुम्ही मला एक विचारलं होतं आणि मी उठेन म्हटलं होतं, ते करारात नव्हतं, म्हणून माझ्या नोटिशीत आलं नाही. त्याची नोटीस मी दिलेलीच नाही. अव्वांनी आत जाऊन उप्पीट केलं. सतीशनं दोनदा घेतलं.


७ मे, बुधवार

गेले. ठरल्या दिवशी पाणी आलं, पण दहाला. ऑफिसला उशीर झाला, साहेब बोलले. खरं लिहायचं तर दमले. जुळे सोलापूरहून पहाटे उठून किती दिवस जाणार? काल कामावरून आल्यावर सतीशची मान दुखत होती. असंच चाललं तर एखाद्या दिवशी मी उठणार नाही आणि त्याच दिवशी पाणी येईल.

स्कूटरवर मागं बसल्यावर बिरप्पा आठवला.


९ मे, शुक्रवार

फोन केला तर बिरप्पा म्हणाला, "व्हय ताई, अजून न्हाय मिळाली खोली." संध्याकाळी दोघांना घेऊन पेठेत गेले. पूनम बारीक चणीची, सरळ उभी राहते, डोळ्याला डोळा देऊन बोलते. मी अव्वांना तिची माहिती सांगायला लागले, पगार, दवाखाना, ओळखपत्र. अव्वांनी हातानं मला गप्प केलं. उंबऱ्यावर बसून पूनमकडे बघितलं. मला माहीत होतं काय विचारणार.

"पाण्याला उठशील का?"

पूनम लगेच हो म्हणाली नाही. विचार करून म्हणाली, "अव्वा, आठवड्यात दोनतीन राती मला ड्युटी असते. तवा मी नसणार. हे उठतील. लहानपणापासनं मेंढरामागं राहिल्यात, पानाचा आवाज झाला तरी उठून बसतात. पण दोघं बी नसू असं एखाद बारी व्हईल, ते आधीच सांगते."

मी मनात म्हटलं, झालं, गेलं. कुणी एवढं खरं बोलतं का खोली मागताना? पण अव्वा हसल्या. कितीतरी दिवसांनी. "मग आणा सामान."

मी नव्या करारात पाण्याची अट लिहायचं म्हणत होते, म्हणजे पुढच्याला तरी विसर पडायला नको. अव्वा म्हणाल्या, ते लिवायचं नसतंय गं, विचारायचं असतंय. बसूला फोन मीच केला. वर माणसं आली, नर्स आहे, आईला दुखलंखुपलं तर घरातच आहे. तो म्हणाला, आईला बरं वाटत असेल तर असू दे वहिनी. पाण्याबद्दल मी बोलले नाही. शब्द दिलाय.


१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा.

वंदना आटोपून खीर डब्यात घेतली आणि पहाटेच पेठेत. बिरप्पाचं सामान काल आलंय, दार मीच येऊन उघडून दिलं. मी पूनमला खड्ड्यात उतरवून दाखवलं, बूच कसं फिरवायचं, गढूळ किती वेळ सोडायचं, दुसरी पायरी ओली असली की घसरते. मग वर येऊन अव्वांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. नळ खोकला. मला ऐकू आलं, पाय आपोआप उठले. अव्वांनी माझा पदर धरून खाली बसवलं. मी उठले म्हणूनच त्यांना कळलं असणार.

पूनमनं बूच काढलं. गढूळ गेलं, नितळ आलं, नळी हौदात पडली. मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. अव्वा घरात नाहीत, माझ्याजवळ बसल्यात, हे तिच्या लक्षातच नाही. काल पाठ करून घेतलेलं वाक्य ती जोरात, चुकत म्हणाली, "अव्वा, नीर बंटू."

अव्वा माझ्या शेजारून ओरडल्या, "बंदे!" आवाजात असा जीव, की पलीकडच्या गल्लीत गेला असेल.

मग त्यांनी स्वतःच कागद मागितला. कानडीत सही केली, सावकाश, एकेक अक्षर. मी किल्ल्या त्यांच्या ओंजळीत ठेवल्या, त्यांनी त्या पूनमला दिल्या. घर चांगलं दिलंस, हे या वेळी म्हणाल्या नाहीत. खीर बोटानं पुसून खाल्ली. मी पाया पडायला वाकले तर डोक्यावर हात ठेवून बराच वेळ तसाच ठेवला. मला कुणी आडनाव न विचारता घरात घेतलं, आणि आज मी त्या घरातून नीट बाहेर पडले. यापेक्षा जास्त मला या शहराकडून काही नको.

फाटकाशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. वरची कडी अजून कुरकुरते म्हणाल्या, पुढल्या पाण्याला येऊन बघून जा.

कडी कुरकुरत नाही. सकाळीच मी तेल देऊन दोनदा उघडून बघितली होती. मी म्हटलं, बघते अव्वा. सतराला शनिवार आहे, सुट्टी आहे. जाणार आहे.